गिटारीवर बँजोचा हात

विघ्नहर्त्या गजाननाचे आणि गावाची राखण करणाऱ्या ग्रामदेवतेचे स्मरण करून, यंदाच्या श्रावणातील भजनी सप्ताहाच्या निमित्ताने हे लिहीत आहे.

आमच्या मालवण किनाऱ्यावरील गावात सप्ताहाच्या सात दिवसांत देवळातील नाद खंडू द्यायचा नसतो. प्रत्येक वाडीने आपापला प्रहर सांभाळायचा. आमची वाडी एका दिवशी दुपारी बसते. एक अभंग संपून दुसरा उभा राहीपर्यंत गाणारे घोटभर पाणी पितात, पखवाज विसावतो, टाळ थांबतात. तेवढे अंतर एकट्या बँजोने भरायचे, ही आमची रीत. टंकलेखन यंत्रासारख्या कळा असलेली ती लांबट पेटी मी तरुणपणापासून वाजवीत आलो. पाठशाळेत मी शुद्ध उच्चार शिकलो. नाद अखंड राखणे मात्र त्या पेटीपुढे बसून शिकलो.

यंदा खाऱ्या हवेने बँजोच्या कळा गंजून अडकल्या. माझी बोटेही संधिवाताने तशीच झाली आहेत. कुडाळला महाविद्यालयात शिकणारी नात म्हणाली, “आजोबा, मी बसतंय. गिटारीवर वाजयतंय.”

मी मंडळींना तसा शब्द दिला आणि मन अस्वस्थ झाले. नात गिटार उत्तम वाजवते, परंतु सर्व तारांवरून एकदम हात फिरवून. तो भरघोस नाद अभंगाच्या चालीला झाकून टाकील. बँजोचा हात निराळा. नखी तारेवर खालीवर इतक्या वेगाने चालवायची, की सुटे आघात ऐकू न येता एकच लांब स्वर ऐकू यावा. मनगट थकले की स्वर मेला. शिवाय बँजोत चाल दोन सारख्या तारांवर चालते आणि बाजूच्या जाड तारा षड्जावर, म्हणजे मूळ ‘सा’वर, लावलेल्या असतात. चाल चालू असताना त्यांना अधूनमधून नखी लावीत राहावे लागते.

नातीने गिटारीची दुसरी तार काढली आणि तिच्या जागी पहिलीसारखीच बारीक तार चढवली. जाड तार षड्जावर आणली. बारीक दोन्ही एका स्वरात लावताच बँजोची ओळखीची झणझण ओटीवर उमटली. मला आनंद झाला, पण क्षणभरच. कुडाळच्या दुकानात तसली सुटी तार एकच मिळाली होती. तुटली तर दुसरी नव्हती.

“जाडी तार विसारलंस,” मी पुनःपुन्हा म्हणे.

“तिचो काय उपयोग? चाल तर बारीक तारेर आसा.”

“उपयोग इचारू नको गो. लाव नखी.”

ती नखी लावी, पण नाराजीने. एका बोटाखाली दोन तारा दाबून तिच्या बोटांना घट्टे पडले. आमची सौभाग्यवती खोबरेल घेऊन येई आणि माझ्याकडे पाहून म्हणे, “देवाक नाद होयो, चेडवाची कातडी नको.”

प्रहराच्या दिवशी आम्ही सभामंडपात शिरलो, तेव्हा हार्मोनियमच्या पेटीवर बसलेले भजनीबुवा म्हणाले, “काय गो, हां हॉटेलातलां वाद्य देवळात खंय हाडलंस?”

“बुवानू, तुमची पेटी तरी देवळातच जन्माक इली काय?” नातीने विचारले.

मंडळी हसली, बुवाही हसले. मला हसू आले नाही. माझे डोळे त्या बारीक तारांवर होते. बाहेर पाऊस होता आणि दमट हवेत तारा सारख्या उतरत होत्या. प्रत्येक अभंगाच्या आरंभी ती खुंटी किंचित पिळून तार चढवी, आणि प्रत्येक पिळासरशी मला वाटे, आता तुटली. मुखाने नामस्मरण चालू होते, पण चित्त नामात नव्हते, हे कबूल केले पाहिजे.

चौथा अभंग संपला. टाळ थांबले. तिने चाल उचलली, आणि दुसऱ्याच ओळीत नवी तार तुटली. तिचे टोक उसळून नातीच्या मनगटाला लागले. हात थबकला. चाल थांबली.

नाद मात्र थांबला नाही. त्याच्या क्षणभर आधी तिने षड्जाच्या जाड तारेला नखी लावली होती आणि ती तार घुमत होती. तो घुमारा विरत चालला होता. मी डोळे मिटून घेतले. एवढ्यात उरलेल्या एकाच बारीक तारेवर नखी धावू लागली, पूर्वीहून वेगाने. स्वर कृश झाला होता, तरी सलग होता. बुवांनी हातातले पाण्याचे भांडे तसेच खाली ठेवले आणि पुढचा अभंग लवकर उचलला. उरलेला प्रहर तिने त्या एका तारेवर काढला आणि मी ती एक तार पाहत काढला.

पुढच्या वाडीची मंडळी येऊन बसली, त्यांच्या टाळांनी आमचा नाद हाती घेतला, तेव्हा कुठे तिने नखी खाली ठेवली. मनगटावर लाल रेघ होती.

“जाडी तार विसराक नाय मी,” ती हळूच म्हणाली.

“आयकलंय,” मी म्हणालो.

जाता जाता बुवा तिच्यापाशी थांबले. “फुडल्या वर्साक दोन तारा जास्त हाडून ठेव.”

म्हणजे पुढल्या वर्षीही तिथे तीच बसणार. मला समाधान वाटले, आणि पुढल्या वर्षीची काळजी त्याच क्षणी सुरू झाली.

वाचकहो, तुमच्या घरातील चाल कधी अडखळली, तर खालचा षड्ज घुमत राहो. मुलाबाळांचे हात सुखरूप राहोत, आणि तुमच्या उंबऱ्याआतला मंगल नाद ग्रामदेवता अखंड राखो.