खड्ड्यातल्या आसरा

फोन आला तेव्हा मी बादल्या भरत होते. नेरूळच्या आमच्या सोसायटीत त्या दिवशी टाकी धुवायची होती आणि दहानंतर पाणी बंद, अशी नोटीस जिन्यात लागली होती. फोन तळोज्याहून, अरुणच्या कंपनीतून. स्टोअरकीपर मुकादम बोलत होते. "वहिनी, साहेबांना जरा बरं नाही. पनवेलला आणलंय. तुम्ही निघा." मी नळ बंद केला आणि निघाले.

हॉस्पिटलच्या दारात पोचले तेव्हा मला अजून कुणी काही सांगितलं नव्हतं. बाकावर दोन माणसं आपसात बोलत होती.

"कोण गेला?"

"सेफ्टीवाला साहेब. आसरांनी ओढला म्हणतात."

म्हणजे माझा नवरा गेल्याची बातमी आणि त्याची भुताची गोष्ट मला एकदमच मिळाली!

कंपनीतल्या असल्या गोष्टी आमच्या घरात आधीपासून साठत होत्या. अरुण त्या डब्याबरोबर घेऊन यायचा. रिकामा डबा ओट्यावर ठेवायचा आणि म्हणायचा, "आजचं भूत ऐक." तो गेल्यावर गोष्टी थांबतील असं मला वाटलं होतं. उलट वाढल्या. थोड्या सांगते.

*

आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बाया. विहिरीत, तळ्यात राहतात आणि माणसाला आत ओढतात. अरुणच्या कंपनीतल्या आसरा राहायच्या सांडपाण्याच्या खड्ड्यात!

ही माहिती म्हात्रे यांची. म्हात्रे प्लांटवर ऑपरेटर. कंपनी ज्या जमिनीवर उभी आहे ती त्यांच्या गावाची. "इथं तलाव व्हता साहेब. कंपनीनं बुजवला. मंग बायांनी जायचा कुठं? ऱ्हायल्या खड्ड्यात."

खड्ड्यापाशी गेलं की माणसांना गरगरायचं, डोळे चुरचुरायचे. एकदोघं पडलेही होते. अरुणने विचारलं, "म्हात्रे, तुमच्या आसरांना सडक्या अंड्यांचा वास का येतो?"

"पान्यात ऱ्हातात त्या वर्सानुवर्सं. अत्तराचा वास येनार हाय का?"

"अहो, तो गॅस आहे. वास येतोय तोवर बरं. वास एकदम बंद झाला की पळायचं."

"तेच सांगतो ना मी! वास गेला म्हंजे बाई मागं येऊन उभी ऱ्हायली."

अरुण घरी येऊन म्हणाला, "आम्ही दोघं एकच बोलतोय. फक्त मला तिथली हवा बाहेर खेचणारा पंखा पाहिजे आणि म्हात्रेंना खण-नारळ."

कंपनीला नारळ स्वस्त पडला.

*

मुकादमांच्या स्टोअरमध्ये जिन्न होता. मुकादम तळोज्याकडचेच, घरचा जुना व्यापार, नोकरी हौसेची. पांढरी दाढी, इस्त्रीचा शर्ट आणि चेहऱ्यावर कधीही हसू नाही. स्टोअरमधले सेफ्टी शूज गायब व्हायला लागले तेव्हा अरुणने त्यांना विचारलं.

"जिन्न नेतो," मुकादम म्हणाले.

"मुकादम, त्यांचे पाय उलटे असतात ना? आपले बूट बसतात कसे?"

"पाय उलटे तुमच्या भुतांचे, साहेब. जिन्नाचे सरळ. आठ नंबर."

आठ नंबरचे बूट घालून वर्क्स मॅनेजरचा मेहुणा मुरूडला फिरायला गेलेला मुकादमांनी स्वतः पाहिला होता. नाव मात्र त्यांनी शेवटपर्यंत जिन्नाचंच घेतलं. "जिन्नाला मेमो देता येत नाही साहेब. आणि जिन्नही आपल्याला देऊ शकत नाही!"

*

एक भूत अरुणने स्वतः सोडलेलं होतं.

सॉल्व्हंटच्या शेडमागे लोक विड्या ओढायचे. बोर्ड लावून झाले, भाषणं झाली, दंड झाला. कुणी ऐकेना. शेवटी त्याने कँटीनमध्ये सहज सांगितल्यासारखं सांगितलं की, शेडमागे एक भाजलेला माणूस येतो आणि फक्त एवढंच विचारतो, "माचिस हाय का?"

आठवड्याभरात शेडमागे चिटपाखरू नाही! वर त्याच गोष्टीला लोकांनी शेपटं लावली. भाजलेल्या माणसाला गाव मिळालं, आडनाव मिळालं. महिन्याने म्हात्रे अरुणलाच समजावत होते, "साहेब, तिकडं जाऊ नका. मी बगितलाय त्याला. माज्याकडं मागितली त्यानं."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करनार? दिली!"

अरुण हसून हसून रडला होता त्या रात्री. मग डोळे पुसून म्हणाला, "दहा वर्षं शिकवून जे जमलं नाही ते एका थापेने केलं. मी उगाच शिकलो बघ."

*

पंख्याचं असं झालं. अरुण मागत राहिला आणि वर्क्स मॅनेजर एकच उत्तर देत राहिले. खड्डा यार्डाच्या टोकाला आहे, तिथवर वायर नेता येत नाही, सगळं यार्ड खणावं लागेल.

एका सकाळी खड्ड्यातला पंप अडकला म्हणून कंत्राटी कामगार आत उतरला आणि खाली कोसळला. त्याला काढायला दुसरा उतरला. अरुण धावत आला, मास्क मागितला. मास्क आला, पण त्याचा सिलिंडर रिकामा होता. दुसरा भरून आणायला माणूस पळाला. अरुण थांबला नाही, तसाच आत उतरला. त्याने दोघांनाही दोर बांधून वर काढवलं. दोघं वाचले. तो स्वतः वर आला नाही.

यात भूत कुठेही नाही. म्हणूनच बहुधा ही गोष्ट कुणी सांगत नाही.

*

दिवसकार्याला आमच्या इमारतीतल्या एक बाई जवळ येऊन बसल्या. माझा हात हातात घेतला. "अमावास्या होती म्हणे हो त्या दिवशी."

"संकष्टी होती," मी म्हटलं. "माझा उपास होता."

त्या जरा वरमल्या. मग आवाज आणखी खाली आणून म्हणाल्या, "पण त्यांनी त्या बायांची चेष्टा केली होती ना? वास येतो म्हणाले होते म्हणे. बायकांना असं बोललेलं लागतं हो."

आत स्वयंपाकघरात माझी जाऊ पानं घेत होती. तिने बाहेर येऊन विचारलं, "कुणाला काय लागतं?"

"काही नाही," मी म्हटलं. "यांना पान वाढ."

*

सहा महिन्यांनी पीएफच्या कामासाठी कंपनीत जायचं होतं. खांदेश्वरहून रिक्षा केली. रिक्षावाला बोलका होता. एमआयडीसीत वळल्यावर त्याने मला न विचारताच गाइडचं काम सुरू केलं. या कंपनीत रात्री बाळ रडतं, त्या कंपनीचा मालक गळफास घेऊन मेला. मग अरुणच्या कंपनीची भिंत आली.

"इकडे मॅडम, एक साहेब होता. लई हँडसम. आसरेची नजर बसली त्याच्यावर. त्याला नवरा करून घेतला तिने. आता पाण्याखाली संसार आहे त्यांचा."

माझ्या तोंडून गेलंच. "त्याला बायको नव्हती का?"

"छे हो मॅडम!" रिक्षावाला आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला. "घरी बायको असती तर कशाला उतरला असता तो?"

*

वर्षश्राद्ध झालं त्याच आठवड्यात कंपनीने मला बोलावलं. राखण द्यायची होती. जागेच्या रक्षणकर्त्याला दरवर्षी नारळ-कोंबडा देतात, ती राखण. यंदा ती आसरांना नव्हती. अरुणला होती.

खड्ड्याच्या कडेला संगमरवरी लाद्यांचं छोटं देऊळ बांधलं होतं. आत फोटो नाही, मूर्ती नाही. शेंदूर फासलेला एक दगड आणि त्यावर पिवळं हेल्मेट. वर ट्यूबलाइट, बाजूला लाल झिरोचा बल्ब. दोन्ही भर दुपारी चालू होते. वायर यार्डातून जमिनीखालून आणली होती. अगदी नीटनेटकी.

मी वायरीकडे बघतेय हे मुकादमांनी पाहिलं. ते माझ्या शेजारी येऊन हळूच म्हणाले, "मी विचारलं मॅनेजरसाहेबांना, वहिनी. म्हणाले, देवाच्या कामात अडचण येत नाही."

मग म्हात्रे एका कंत्राटी कामगाराला घेऊन आले. बिहारचा होता, तिशीचा असेल. चारच महिन्यांपूर्वी लागलेला. म्हात्रे म्हणाले, "वहिनी, तुमी ह्याचा ऐका. मी कायपन बोलत नाय."

तो आधी लाजला. मग हात बांधून सांगायला लागला. गेल्या महिन्यात तो एकटाच खड्ड्याच्या शिडीवर उतरत होता. दोन पायऱ्या उतरला असेल. वर कडेला पिवळ्या हेल्मेटवाले एक साहेब येऊन उभे राहिले. ओरडले नाहीत, रागावले नाहीत. फक्त विचारलं, "घर में कौन-कौन है?"

त्याने सांगितलं, माँ आहे, बायको आहे, दोन मुली आहेत.

साहेब म्हणाले, "सब का नाम बोल."

तो शिडीवर उभा राहून एकेकीचं नाव सांगत गेला. धाकटीचं नाव सांगितलं तेव्हा साहेब म्हणाले, "तो ऊपर आ जा." तो वर आला. कडेला कुणीच नव्हतं. खाली वाकून बघितलं तर वास बिलकूल बंद झाला होता.

मी म्हात्रेंकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. "मी नाय सांगितला त्याला. कोनीच नाय सांगितला."

धोक्याच्या कामाला माणूस सोडण्यापूर्वी अरुण त्याला घरच्या सगळ्यांची नावं घ्यायला लावायचा. हे तो लोकांदेखत करत नसे. माणसाला बाजूला घेऊन करायचा. लग्नानंतर पहिल्यांदा मला त्याने हे सांगितलं तेव्हा म्हणाला होता, "नावं घेतली की माणूस जरा हळू उतरतो."

त्या कामगाराला मी मुलींची नावं विचारली. त्याने सांगितली.

तेवढ्यात वर्क्स मॅनेजर आले. कपाळाला कुंकू, हातात नारळ. अगदी भारावून गेले होते.

"ऐकलंत ना वहिनी? गॉड प्रॉमिस सांगतो, अंगावर काटा येतो. साहेब अजून ड्युटीवर आहेत!"

"पंख्याचं काय झालं?" मी विचारलं.

"अहो, साहेब स्वतः उभे असताना आता त्याचं एवढं अर्जंट राहिलेलं नाही." त्यांनी नारळ माझ्या हातात दिला. "या, पहिला मान तुमचा."

या गोष्टीलाही आता दीड वर्ष झालं. परवा मुकादमांना फोन केला होता. पंखा बसवलेला नाही.