गोळीआधीचा ताप

सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी शिवणवाली मशीनवर बसलेली होती. एरवी काम करताना तिच्या ओठांत टाचण्या असायच्या. आज थर्मामीटर होता. पुढ्यात शाळेच्या चौकीदाराची पँट होती, आखूड करायला आलेली. एक पाय झाला होता. हॉस्पिटलात जाण्याआधी दुसरा उरकायचा, असं तिनं ठरवलं होतं. हात रिकामे राहिले की डोकं नको तिथे जायचं.

थर्मामीटर वाजला. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. आकडा चांगला होता, पण खरा नव्हता. पहाटे ताप शंभरच्या वर होता आणि मधल्या वेळात तिनं तापाची गोळी घेतली होती.

गोळी नणंदेनं चहाबरोबर दिली होती, न विचारता. या घराची ती जुनी सवय. अंडाशयाचा कॅन्सर पहिल्यांदा निघाला तेव्हा केमोच्या दिवशी जराशी कणकण असली तरी डोस पुढे जायचा, नवऱ्याची रजा वाया जायची. मग नणंदेनं युक्ती काढली: निघताना गोळी घ्यायची, म्हणजे तिथे ताप निघतच नाही. ते खपूनही गेलं. पुढे कॅन्सर परत आला, औषधांना दाद देईनासा झाला. सवय मात्र राहिली.

आजचं औषध निराळं होतं. डॉक्टरीणबाईंनी ते तिला नीट समजावलं होतं. प्रयोगशाळेत वाढवलेल्या स्टेम सेल्स, म्हणजे मूळपेशी, कुणा दुसऱ्याच माणसाच्या. त्यांच्यात बदल करून आत कॅन्सरच्या पेशी मारू पाहणारा एक विषाणू भरलेला. बारीक नळीतून त्या पोटात सोडायच्या. त्या गाठींचा माग काढत जातील आणि विषाणू तिथे सोडतील, अशी अपेक्षा.

"अपेक्षा?" तिनं विचारलं होतं.

"हो. प्राण्यांमध्ये तसं दिसलंय. माणसांत हे सुरक्षित आहे का, ते आधी बघतोय. गुण येईलच असं मी म्हणणार नाही."

"म्हणजे मी मांजरपाट. भारी कापडाला कात्री लावण्याआधी आम्ही त्याच्यावर कापून बघतो."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "नको वाटलं तर शेवटच्या क्षणीही नाही म्हणा," त्या म्हणाल्या. "पण ताप असेल तर लपवू नका. पोटात संसर्ग असताना हे सोडलं तर जिवावर बेतेल."

तिनं मान डोलावली होती. आणि आज सकाळी, रात्रभर डोळा न लागल्यावर, हातात आलेली गोळी मुकाट गिळली होती.

"उतरला?" नणंदेनं दारातून विचारलं. नणंद नवऱ्याहून मोठी, आवाजानं त्याहून मोठी.

"उतरला."

"मग तोंड असं का, इस्त्री कापडावर विसरल्यासारखं?"

"वन्सं, गोळीनं उतरलाय. आतला गेला कुठे?"

"नेहमी गोळीनंच उतरतो. आजवर काही झालं?"

"ती नुसती औषधं होती. हे जिवंत आहे."

नणंद स्टुलावर बसली. आवाज खाली आणून म्हणाली, "सांगितलंस तर आजचं रद्द करतील."

"करतील."

"आणि पुन्हा बोलावलंच नाही तर? दुसरं औषध उरलं नाही म्हणालेत ना ते?"

हेच तिनं रात्रभर मनातही पुरतं उच्चारलं नव्हतं. सांगितलं तर शेवटचं दार बंद व्हायचं. न सांगितलं तर आतला ताप आणि परका विषाणू एका पोटात. तिनं मशीन चालवलं. टीप वाकडी गेली. उसवायला घड्याळाकडे बघत ब्लेड उचललं. तिनं ते परत ठेवलं.

"आठ वाजता त्या पेशी गोठवलेल्यातून काढतात," ती म्हणाली. "एकदा काढल्या की परत ठेवता येत नाहीत."

"मग कर बाई फोन. माझं नाव तेवढं घेऊ नकोस."

"आणि गोळी कुणी दिली म्हणतील तर? शेजारणीनं म्हणू?"

"घे मग नाव. नाहीतरी हॉस्पिटलातली ती सिस्टर माझ्यावर डूख धरूनच आहे."

फोनवर सिस्टरनं सगळं ऐकून घेतलं. ताप किती होता, गोळी कधी घेतली, असं एकेक विचारत ती म्हणाली, "पोट दुखतंय?"

"थोडं. कालपासून."

नणंदेनं झटकन मान वर केली. हे तिलाही ठाऊक नव्हतं.

"आजचा डोस नाही," सिस्टर म्हणाली. "पेशी काढू नका म्हणून लॅबला आत्ता सांगते. तुम्ही लगेच निघा, रक्त तपासायचंय. तोवर दुसरी गोळी घेऊ नका."

"आणि या प्रयोगातली माझी जागा?"

"ते डॉक्टर ठरवतील. उगाच धीर देत नाही तुम्हाला."

तिनं फोन ठेवला. मग नणंदेनं कपाटातली गोळ्यांची पाकिटं काढून स्वतःच्या पर्समध्ये टाकली आणि चपला शोधायला गेली. शिवणवालीनं पँटची घडी घातली. एक पाय आखूड, एक लांब.

सिस्टरनं शेवटी बजावल्याप्रमाणे उद्या सकाळी सहा वाजता, ती घरी असो की वॉर्डात, ताप मोजायचा आहे. गोळीच्या आधी. आकडा आठच्या आत सिस्टरला कळवायचा आहे.