न पाहिलेलं विमान

सांगलीच्या डॉक्टरांनी बायपास करावी लागेल म्हणून सांगितलं, तेव्हा ह्यांनी एकच विचारलं, "भुलीत माणूस बोलतो का?" डॉक्टर हसले. "बोललात तरी आम्ही कुणाला सांगणार नाही, काका." हे हसले नाहीत. चपला पायात सरकवून सरळ बाहेर पडले. पुढच्याच महिन्यात कुपवाडला, स्वतःच्या पंप दुरुस्तीच्या शेडमध्ये, हातात पाना असतानाच खाली बसले ते पुन्हा उठले नाहीत... शेजारच्या शेडवाल्यानं फोन केला.

भुलीची ती भीती कुठून आली, हे फक्त मला माहीत होतं. लग्न झाल्यावर मी विट्याजवळच्या माझ्या गावातून थेट दक्षिणेकडच्या एका तळावर राहायला गेले. हे वायुदलात तंत्रज्ञ. कुठल्या विमानावर काम करता, असं विचारलं की म्हणायचे, "नट आवळतो." एका सकाळी मी क्वार्टरच्या गच्चीवर कपडे वाळत घालत होते आणि डोक्यावरून काहीतरी गेलं. करड्या रंगाचं, शेपूट नसलेलं, आणि पुढं माणूस बसतो तिथं काचच नाही. आंधळं वाटलं मला ते. संध्याकाळी हे आल्या आल्या मी हौसेनं सांगायला लागले, तर ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"तू काय बी पाहिलं न्हाईस."

"आवं, पण डोक्यावरनंच..."

"न्हाई पाहिलंस. आईला सांगायचं न्हाई, भावाला न्हाई." मग अगदी हळू म्हणाले, "आन मला तर कवाच इचारू नगंस."

नवरा-बायकोला एकच गोष्ट ठाऊक, आणि ती एकमेकांशीच बोलायची नाही, असा आमचा संसार झाला. निवृत्त होऊन कुपवाडला आलो तरी तेच. चार मित्र जमले की हे नुसते ऐकत बसायचे. तोंडून काही निसटेल म्हणून लग्नकार्यातूनही लवकर निघायचे. त्यांच्याबरोबर मीही. माहेरी गेले तरी जीभ आखडलेलीच असायची.

गेल्या वर्षी ते टीव्हीवर दिसलं. तेच, करडं, बिनशेपटीचं. बातमी देणारी मुलगी वैमानिकाशिवाय उडणाऱ्या त्या विमानाचं नाव मोठ्या अभिमानानं सांगत होती. मी निवडायची भाजी बाजूला सारली. "आवं, बघा की! आता तरी बोला. सगळ्या देशाला कळलं." हे कितीतरी वेळ पडद्याकडं बघत राहिले. डोळे भरून आले होते. "त्यांनी सांगितलं. मला कुनी सांग म्हटलंय व्हय?" म्हणाले, आणि टीव्ही बंद केला.

दवाखान्यातून परतलो त्या दिवशी, ऑपरेशन करून घ्या म्हणून मी हातापाया पडले. आता लपवायला उरलंय काय, म्हणून रडले. "दावलं तेवढंच हाय व्हय?" एवढंच बोलले आणि जेवायला बसले.

तेराव्याला लोणंदहून ह्यांचे तळावरचे एक जुने सहकारी आले. मांडवात बसून मोकळेपणानं सांगायला लागले, "वहिनी, ते पहिल्यांदा उडालं तवा ह्यो गडी पोरावानी रडला व्हता. लय जीव लावला व्हता त्यानं." लोक सरकून जवळ आले. कुणीतरी म्हणालं, सांगा की अजून.

एवढ्या वर्षांत हेच तर ऐकायचं होतं मला. पण ह्यांच्या तोंडून.

"चहा टाकते, भावजी," म्हणाले, आत गेले आणि स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. बाहेर गोष्ट रंगत चालली होती. मी गॅस न पेटवता तशीच उभी राहिले.