न मागितलेला आऊट

तिसऱ्या बेसला माझा पाय लागलाच नव्हता.

वीस-पंचवीस वर्षं पोटात ठेवलं. आज वाघमारे सरांना मंठ्यात पोचवून आलो, आता तरी बोलतो.

मी दहावीला होतो. जालन्याला जिल्ह्याची बेसबॉल फायनल. आम्ही शहागडचे, समोर मंठा. जिंकेल ती टीम पुढं विभागाला जाणार.

अंपायर कमी पडले म्हणून मंठ्याच्याच खेळाच्या मास्तरांना, वाघमारे सरांना, तिसऱ्या बेसजवळ उभं केलं. आमचे सर कुरकुरले, "झालं! आता सगळं त्यांच्या पोरांच्या बाजूनं."

शेवटची इनिंग. स्कोअर बराबर. मी दुसऱ्या बेसवर.

आमच्या पोरानं बॉल लांब हाणला अन् मी जीव तोडून पळालो. तिसरा बेस हुकला. मला कळलं बरं का, पण मागं फिरलो न्हाई. सरळ होम गाठलं, रन पूर्ण.

जिंकलो!

आता नियम ऐका. रनरचा बेस सुटला तरी अंपायरनं आपणहून बोलायचं नसतं. समोरच्या टीमनं बॉल घेऊन त्या बेसवर पाय ठेवायचा अन् अपील करायचं. मंगच रनर आऊट, रन रद्द. अन् ती पोरं मैदानाबाहेर गेली, की अपील संपलं.

मंठ्याची पोरं रडत निघाली. चोर तो चोर वर शिरजोर, सगळ्यात जास्त मीच नाचून राह्यलो होतो.

वाघमारे सर मात्र बेसजवळून हालेनात. त्यांचं शेवटचं पोरगं बाहेर जाईस्तोवर तिथंच उभे.

मी पुढं राज्यापर्यंत खेळलो. त्याच सर्टिफिकेटवर नोकरीला लागलो.

बऱ्याच वर्षांनी सर शहागडच्या स्टँडवर भेटले. चहा घेताना मीच विषय काढला.

"सर, तुम्ही बघितलं होतं ना?"

"बघितलं की."

"मंग बोलला का न्हाई? तुमचीच पोरं होती!"

"कुणी विचारलंच न्हाई, बाबा."

कप खाली ठेवला अन् म्हणले, "अंपायर बराबर होता. मास्तर चुकला. पोरांना अपील शिकवायचं राह्यलं होतं माझं."

मला लई लाज वाटली. पण तेव्हाही दुसऱ्या कुणाला सांगितलं न्हाई.

आज सरांच्या मयतीला दत्ता भेटला. त्या मॅचला मंठ्याचा तिसरा बेस त्याच्याकडंच होता. सरांच्या अंगणात, सगळ्यांसमोर बोललो, "दत्ता, त्या दिवशी माझा पाय बेसला लागला नव्हता."

तो म्हणला,

"मी बघितलं होतं रे. पण सर तिथंच उभे होते. ते बोलले न्हाईत, मंग वाटलं आपलेच डोळे चुकले."

मला रडूच फुटलं.

दत्तानं पाठीवर हात ठेवला. "चल. खांदा दे."

सर, अपील लई उशिरा आलंय, नियमात बसत न्हाई.

तरी मला आऊट द्या.

शेवटचा नमस्कार, सर.