ढील

रॉन प्रॉसर फक्त बायकोच्या हातून जेवायचा. म्हाताऱ्यांच्या नर्सिंग होममधल्या मुलींनी चमचा पुढं केला की ओठ मिटून भिंतीकडं बघत बसायचा. ग्लेनिस आली की "आलीस का तू, ग्लेन?" म्हणून निमूट तोंड उघडायचा. बाकी सगळं त्याच्या डोक्यातून निसटत चाललं होतं. घास आणि बायको एवढं मात्र टिकून होतं.

"लाडावून ठेवलंयत तुम्ही त्याला," लारा नावाची तिथली मुलगी म्हणायची.

"शाळेच्या स्वयंपाकघरात होते मी. पोरांना मटार खायला लावलेत. हा कोण लागून गेला?"

पण तिलाही ठाऊक होतं, आपण एखाद्या दिवशी आलो नाही तर हा उपाशी राहील. म्हणून तिनं आपली नाव कॉल्सफर्डच्या नदीकाठी, गावच्या कुरणाला लावून ठेवली होती. तिथून पूल ओलांडला की होम. गुडघे दुखत असले तरी दुपारच्या जेवणाला पोचता यायचं.

नाव म्हणजेच घर. दोघांनी म्हातारपणी भाड्याची खोली सोडून ती घेतली, आणि रॉननं तिला आपल्या आईचं नाव दिलं: आयव्ही. "जन्मभर सासूला टाळलं आणि आता तिच्याच पोटात राहते," असं ग्लेनिस सगळ्यांना सांगायची. रॉन दोर वळून, नाव काठावर आपटू नये म्हणून तिच्या कडेला लावायचे जाड गोंडे बनवायचा आणि थेम्सवर वरखाली फिरत विकायचा. तो विसरायला लागला तेव्हा फिरणं थांबलं.

कॉल्सफर्डचा धक्का सगळ्यांचा. काठाला उंच लाकडी खुंट होते, शेवाळलेले, जरा कलंडलेले. प्रत्येकात एक लोखंडी कडी सैल अडकवलेली. नदी चढली की कडीही खुंटावरून वर सरकायची आणि नाव आपोआप वर यायची. तरी पुराच्या दिवसांत कुणी ना कुणी काठावरून फेरी मारायचंच. शेजारी घरी नसेल तर त्याच्या दोराला ढील द्यायची, हे कुणी कुणाला सांगत नसे. दुसऱ्याच्या नावेवर न विचारता पाय ठेवणं वाईट. पण पाणी चढताना दुसऱ्याचा दोर ताठ दिसूनही पुढं जाणं त्याहून वाईट. ग्लेनिस होममध्ये असली की शेजारचा माल्कम आयव्हीकडं बघायचा.

मग गावानं कुरण सुधारायला घेतलं. खुंट उपटले, काठाला दगडी फरशी बसली, फुलझाडांचे वाफे आले. नावांसाठी फरशीतच पोलादी कड्या बसवल्या, जमिनीलगत, उन्हाळ्यात सहलीला येणाऱ्यांचे पाय अडकू नयेत म्हणून. दिसायला सुरेख झालं होतं, ग्लेनिसलाही पहिल्या दिवशी आवडलं. पण शेजारीच पाटी उभी राहिली: नाव दोन रात्री बांधता येईल, मग महिनाभर परतायचं नाही.

कुरणासमोरच्या घरातल्या मिसेस हॅल्डेन यांनी या सुधारणेसाठी बरीच खटपट केली होती. त्या मुद्दाम येऊन म्हणाल्या, "तुमच्याविरुद्ध काही नाही हो, मिसेस प्रॉसर. पण नावांच्या शेगड्यांचा धूर आमच्या पडद्यांना बसतो."

"पडदे धुता येतात, बाई. मला इथून काढून कुठं वाळत घालणार?"

मिसेस हॅल्डेन लाल झाल्या आणि घराकडं वळल्या.

नावा एकेक करून गेल्या. माल्कमनंही दोर सोडले. "चल माझ्याबरोबर वरच्या अंगाला. हवं तर तुझी नाव ओढत नेतो."

"आणि रॉनला कोण जेवू घालेल?"

"भूक लागली की खाईल गं तो. माणूसच आहे."

"तू जा, माल्कम. आणि स्वेटर घाल, नुसता मिरवू नकोस."

तो गेला आणि काठावर आयव्ही एकटी उरली. गावानं काठावर नेमलेल्या रखवालदारानं दोनदा बजावलं, तिसऱ्यांदा नाव ओढून नेऊ म्हणाला. सुटायला एकच वाट होती. बंधाऱ्यावर लाल पाटी लागली, म्हणजे प्रवाह जोराचा झाला, की कुठलीच नाव हलवायची नसते आणि कुणी कुणाला हाकलायचंही नसतं. उभा जन्म पुराला भिणारी ग्लेनिस आता रोज सकाळी ढगांकडं बघून पाऊस मागायला लागली.

पाऊस आला. लाल पाटी लागली. रखवालदार येईनासा झाला. ग्लेनिसनं रॉनला सांगितलं, "इथंच राहिलो रे आपण." त्यानं तोंड उघडलं.

पाणी चढतच राहिलं. एके दिवशी होमला निघताना तिनं दोन्ही दोरांना भरपूर ढील दिली. नेहमी एवढी पुरायची. पण रॉननं दुसराच घास गालात धरून ठेवला, गिळेना. तिनं गाल चोळला, गाणं म्हटलं, रागावून पाहिलं. त्यानं तिचं मनगट पकडलं, ते सोडेना. तो झोपी गेल्यावर तिनं बोटं एकेक करून सोडवली.

पुलावरून खाली बघितलं तर कुरण नव्हतं. पाण्यातून फक्त ती दोन रात्रींची पाटी वर दिसत होती. फरशी बुडाली, कड्या बुडाल्या, आणि आयव्हीचे दोर ताठ होऊन सरळ पाण्यात उतरले होते. नदी नावेला वर उचलत होती आणि दोर तिची काठाकडची बाजू खाली दाबून धरत होते. त्या बाजूच्या हवेच्या झरोक्यातून पाणी आत शिरत होतं.

ग्लेनिस कमरेपर्यंत पाण्यात उतरली. बुडलेली कडी हाताला लागली, गाठही लागली, पण ती ताणानं दगड झाली होती. सुरी नावेत, टेबलाच्या खणात. माल्कमची जागा रिकामी.

"सुरी!" ती समोरच्या खिडक्यांकडं बघून ओरडली. "कुणीतरी सुरी आणा!"

मिसेस हॅल्डेन रबरी बूट घालून पाव कापायची सुरी घेऊन धावत आल्या. ग्लेनिस दोरावर सुरी फिरवत राहिली आणि त्या मागून तिचा कोट दोन्ही मुठींनी धरून उभ्या राहिल्या. एक दोर तुटला. नावेला एक हिसका बसला, क्षणभर ती सरळ झाल्यासारखी वाटली. पण पोटात पाणी फार झालं होतं. ती हळूहळू खाली बसली.

"सोडा मला. आत माझी—"

"नाही सोडणार," मिसेस हॅल्डेन रडत म्हणाल्या. "शिव्या द्या हव्या तर. सोडणार नाही."

आयव्हीचं फक्त छप्पर वर राहिलं.

ग्लेनिस काही दिवस मिसेस हॅल्डेन यांच्याकडंच तापानं पडून होती, त्या पडद्यांच्या खोलीत. जरा शुद्ध आली की एकच विचारायची, "तो जेवला का?" होमला फोन करून त्या सांगायच्या, "जेवले म्हणतात." ग्लेनिसला ते खरं वाटायचं नाही. मग सरकारी घर मिळालं, दुसऱ्या गावात, तिसऱ्या मजल्यावर. तिथून बस बदलत यावं लागायचं, आणि पहिल्याच दिवशी मधली बस चुकली.

ती पोचली तेव्हा जेवणं उरकली होती. लारा रॉनची हनुवटी पुसत होती.

"सगळं संपवलं बघा, कस्टर्ड तेवढं उरलंय!" लारा म्हणाली. "दोन-तीन दिवस नखरे केले. मग खायला लागला शहाण्यासारखा. तुम्ही उगाच जीवाला घोर लावून घेतलात."

"बरं झालं," ग्लेनिस म्हणाली. खरंच बरं झालं होतं. तिनं कोट काढला नाही, तशीच शेजारच्या खुर्चीवर बसली.

रॉननं तिच्याकडं बघितलं. चांगल्या घरचा माणूस पाहुण्याकडं बघतो तसं.

"तुम्ही जेवलात का?" त्यानं विचारलं.

"नाही अजून."

त्यानं समोरची कस्टर्डची वाटी तिच्याकडं सरकवली. "घ्या. इथं बरं करतात."

कस्टर्ड गार झालं होतं, वर साय धरली होती. तिला साय आवडत नसे. तिनं सायीसकट सगळं खाल्लं, कारण तो बघत होता.