झोपेची नोंद

रेल्वेच्या क्रू लॉबीत नोकरी केली की किस्से वेगळे गोळा करावे लागत नाहीत. ते रोज सही करून आत येतात. काशीतल्या आमच्या लॉबीत मी ड्रायव्हर लोकांच्या कामाच्या आणि विश्रांतीच्या तासांची नोंद ठेवते. म्हणजे कोण किती वाजता कामावर आला (साइन ऑन), किती वाजता सुटला (साइन ऑफ) आणि पुढच्या गाडीआधी त्याला पुरेशी रेस्ट मिळाली की नाही. मित्रमैत्रिणींना वाटतं, हे फार कंटाळवाणं काम असणार. मग मी त्यांना चौबेजींचं सांगते.

* * *

चौबेजी आमचे सुपरवायझर. पहिल्याच आठवड्यात मला एक गोष्ट दिसली. ड्रायव्हर इंजिन शेडमध्ये सोडून, चालत लॉबीत येऊन सही करायचा, पण कॉम्प्युटरमध्ये त्याची सुटी व्हायची गाडी प्लॅटफॉर्मला लागली तेव्हाच. कागदावर ड्यूटी आखूड आणि विश्रांती लांब.

मी म्हटलं, "सर, मधल्या वेळात तो काय करत होता?"

"घर जा रहा था."

"इंजिन घेऊन?"

चौबेजींनी चष्मा पुसला. "मॅडम, आप एमए हैं ना? इसीलिए."

* * *

मी हट्टाला का पेटले, तेही सांगते. यादवजी आमचे सर्वांत जुने ड्रायव्हर. संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत राहतात, मला बिटिया म्हणतात. एकदा चहा पिता पिता सहज म्हणाले, की मागच्या फेरीत सिग्नल यायच्या आधी त्यांचा डोळा लागला. असिस्टंटनं हात धरून हलवलं.

"मग?"

"मग काय, सिग्नल हिरवा होता."

मी त्यांची नोंद काढून पाहिली. तिच्यात विश्रांती पूर्ण होती. त्या दिवसापासून मी खरी वेळ भरायला लागले. चौबेजी रोज म्हणायचे, "थोडा एडजस्ट कीजिए." मी रोज नाही म्हणायचे. लॉबीत आमचं दोघांचं हे भजन सगळ्यांना पाठ झालं.

* * *

मध्यंतरी वरून आदेश आला: कर्मचाऱ्याच्या विश्रांतीत व्यत्यय येत नाही ना, याची फोनवरून खात्री करून नोंद ठेवावी.

आदेश म्हणजे आदेश. चौबेजींनी मला भर दुपारी यादवजींच्या घरी फोन लावायला सांगितला. बराच वेळ घंटी वाजली.

"यादवजी, रेस्टमध्ये काही व्यत्यय?"

पलीकडे जांभई ऐकू आली. "अब तक तो नहीं था, बिटिया."

मी तेच उत्तर शब्दशः नोंदवलं. आदेश महिनाअखेरीस मागे घेतला.

* * *

मग 'थकवा आणि सुरक्षा' या विषयावर व्याख्यान झालं. हजेरी सक्तीची. वेळ अशी ठरवली, की कुणाची गाडी अडू नये. म्हणजे सगळ्यांच्या विश्रांतीत.

ही वेळ ड्यूटीत धरायची की रेस्टमध्ये, हे मला भरायचं होतं. मी व्याख्यान द्यायला आलेल्या पाहुण्यांनाच विचारलं.

ते म्हणाले, "ये तो अवेअरनेस है."

कॉम्प्युटरमध्ये तसा रकाना नव्हता. मागच्या रांगेत यादवजी भिंतीला टेकून गाढ झोपले होते. मी त्यांच्यापुरता तो तास बिनदिक्कत रेस्टमध्ये टाकला. बाकीच्यांचा ड्यूटीत.

* * *

मी हे सगळं घरी जेवताना तावातावानं सांगते. आमचं घर रामघाटावर, बाबा पूजापाठ करतात. सलग काम, ठरलेली विश्रांती, आठवड्याची सुटी, सगळा कायदा मी त्यांना एकदा पोळी हातात धरून ऐकवला. बाबा म्हणाले, "यजमानाला सांग. तो पहाटेच घाटावर उभा असतो."

आई तव्यापाशी होती. "शमे, माझंही लिही की तुझ्या त्या मशीनमध्ये. चहाला साइन ऑन."

"आणि साइन ऑफ?"

"ते तू भर. तू शिकलेली आहेस. अजून एक पोळी वाढू?"

मी नको म्हटलं आणि ताट घासायला उठले. एवढ्यानं क्रांती होत नाही, हे मला कळतं.

* * *

खऱ्या नोंदींचा परिणाम तपासणीत दिसला. वरून आलेल्या साहेबांनी आमचा तक्ता बघितला आणि पहिलाच प्रश्न केला, "बाकी कुठल्याच लॉबीत नियम मोडत नाही. तुमच्याकडेच एवढा का मोडतो?"

मी म्हटलं, "सर, बाकीचेही मोडतात. आम्ही लिहितो."

साहेब गेले आणि चौबेजींच्या नावानं पत्र आलं: यापुढे विश्रांती अपुरी आढळल्यास सुपरवायझरने व्यक्तिशः खुलासा करावा. चौबेजींनी ते वाचून माझ्या टेबलावर ठेवलं. "लीजिए, आपका इनाम. मिला मुझे." मला वाईट वाटलं. रिटायरमेंट जवळ आलेला माणूस. पण पुन्हा खोटी वेळ भरायला मी तयार नव्हते, आणि आता ते मला तेच करायला लावणार, हेही दिसत होतं.

* * *

तो दिवस मेळ्याच्या गर्दीत उगवला. जादा गाडी काढली होती, प्लॅटफॉर्मवर पाय ठेवायला जागा नव्हती आणि ड्रायव्हर एकच जवळ होता: यादवजी. नियमाप्रमाणे त्यांची विश्रांती संपायला अजून दोन तास होते. गाड्या सोडणाऱ्या कंट्रोल रूममधून फोनावर फोन. चौबेजी म्हणाले, "मॅडम, कल की साइन ऑफ थोडी पीछे लीजिए."

"नाही सर. करायचंच असेल तर तुमच्या लॉगिननं करा."

ते खरंच माझ्या खुर्चीत येऊन बसले. पासवर्ड टाकला. यादवजींची नोंद उघडली.

तेवढ्यात यादवजीच दारात. कंट्रोलनं परस्पर त्यांच्या घरी फोन केला होता. डोळे लालभडक, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. चौबेजींना नमस्कार केला, बाकावर बसले, ड्यूटीची पेटी मांडीवर घेतली आणि सही करायला पेन काढलं. पेन हातातच राहिलं. मान छातीवर पडली.

चौबेजी त्यांच्याकडे बघत राहिले. मग खिडकीतून प्लॅटफॉर्मकडे. डब्यांच्या दारांत माणसं लटकत होती, बायका खिडकीतून पोरं आत देत होत्या. माऊसवर हात तसाच होता.

फोन वाजला. पहिल्याच घंटीला त्यांनी उचलला. पलीकडचा साहेब इतका ओरडत होता, की मलाही ऐकू येत होतं: गाडी भरली आहे, ड्रायव्हर कुठे आहे?

चौबेजींनी रिसीव्हर कानापासून लांब धरला, यादवजींकडे एकदा पाहिलं आणि तोंडावर हात आडवा धरून कुजबुजले,

"सर, जरा धीरे बोलिए. ड्राइवर साहब की रेस्ट चल रही है."