'गो'चे अर्थ

हडपसरच्या एका कारखान्यात मी तीन वर्षं इंग्रजी शिकवलं. परदेशी कंपनीशी करार झाला आणि मॅनेजरसाहेबांना वाटू लागलं, की कामगारांना इंग्रजी आल्याशिवाय यंत्रं नीट चालणार नाहीत. तोवर ती मराठीत चालत होती. साहेब पुण्यातल्या पेठेतले, पण फाटकातून आत शिरताच त्यांची मराठी सुटायची, ती थेट संध्याकाळी वरणभाताच्या वेळी परत यायची.

वर्गात माझं लाडकं क्रियापद 'गो'. शाळेत सगळे 'गो म्हणजे जाणे' एवढंच शिकलेले असतात. दूध नासतं तेही 'गो', माणसाला वेड लागतं तेही 'गो', दिवे विझतात तेही 'गो'. मी फळा भरत जाई आणि समोरचे गोंधळलेले चेहरे पाहून मला बरं वाटे.

पहिल्या बाकावर आमचे स्टोअरकीपर बसत. वय पन्नाशीचं. कारखाना उभा होता ती जमीन त्यांच्या वडिलांची, आणि तिच्या बदल्यात मिळालेली नोकरी यांची. ते प्रत्येक 'गो'चं भाषांतर 'जाणे' असंच करत.

"दूध वाईट गेलं," ते एकदा म्हणाले.

"कुठं गेलं? वाघोलीला?" मी विचारलं.

वर्ग हसला. तेही हसले आणि त्यांनी वहीत 'वाघोली' लिहून घेतलं.

पुढे माणसं कमी करायचं ठरलं. यादीत स्टोअरकीपर होते. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "काढून टाकतो, असं म्हणायचं नाही. काहीतरी सभ्य सुचवा."

मी सुचवलं, 'वुई हॅव टु लेट यू गो.'

साहेबांनी ते दोनदा म्हणून पाहिलं. "वा! कुणाला लागायचं नाही."

आणि लागलं नाही, हे मान्य करायला हवं. स्टोअरकीपरांनी मुलीच्या लग्नासाठी आठ दिवसांची रजा मागितली होती. केबिनमधून ते हातात लखोटा घेऊन तडक माझ्याकडे आले.

"सर, साहेब इंग्रजीत बोलले आन् मला समदं समजलं! लेट म्हंजे देणे, गो म्हंजे जाणे. जाऊ दिलं मला. मी थँक्यू सर म्हनलो, तर साहेबांनी उठून हात मिळवला."

"लखोटा उघडलात का?"

"त्यात काय बघायचं? रजेचं पत्र हाय."

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. पण माझ्या अध्यापनाचं इतकं उघड यश मी प्रथमच पाहत होतो, आणि ते वाक्य कुणाचं हेही मग सांगावं लागलं असतं. मी म्हटलं, "छान."

लग्नाला गेलो. दोनदा जिलेबी घेतली. त्यांनी मला व्याह्यांपुढे उभं केलं. "ह्यांनी मला इंग्रजी शिकवलं." व्याह्यांनी मला वाकून नमस्कार केला आणि आपल्या धाकट्या मुलाला कारखान्यात चिकटवता येईल का, असं स्टोअरकीपरांना विचारलं. "बघू की. साहेब आपल्या शब्दाबाहेर न्हाईत," स्टोअरकीपर म्हणाले. लखोटा देव्हाऱ्यात होता. साहेबांनी स्वतःच्या हाताने दिलेला, म्हणून त्यावर हळदकुंकू वाहिलं होतं.

नवव्या दिवशी रखवालदाराने त्यांना फाटकावर अडवलं. रखवालदाराला इंग्रजी येत नव्हतं, पण त्याच्याकडे यादी होती. मी वर्गासाठी पोचलो तेव्हा दुपार उलटली होती आणि ते सकाळपासून तिथेच उभे होते. त्यांनी लखोटा माझ्या हाती दिला. मी उभ्याउभ्या तो फोडला आणि पत्र वाचून मराठीत सांगितलं. पानभर इंग्रजीची मराठी फार थोडी झाली. कुंकू माझ्या बोटांना लागलं.

"सर, त्या दिवशी तुमाला ठावं होतं?"

मी रुमालाने बोटं पुसली. "अहो, झालं ते झालं. जाऊ द्या आता."

त्यांनी पत्राची घडी घालून ते खिशात ठेवलं आणि वर्गात पाहत तसंच माझ्याकडे पाहिलं.

"सर, ह्ये 'जाऊ द्या' मराठीतलं का इंग्रजीतलं?"